प्रवासासाठी आणि रोजच्या वापरासाठी परवडणारा लहान मिररलेस कॅमेरा कोणता घ्यावा?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षे मी फोनवरच फोटो काढत आले आहे आणि उजेड भरपूर असेल तेव्हा त्याबद्दल माझी फारशी तक्रार नसते. परंतु दिवेलागणीनंतर घरात खेळणारी मुले, लेण्यांमधला अंधूक प्रकाश आणि लांबच्या डोंगराचा तपशील या तीन ठिकाणी तो कमी पडतो. फोटो पडद्यावर बरा दिसतो, पण छापून आणला की चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत दिसतात आणि केसांचा नुसता गोळा झालेला असतो.

कॅमेरा, एक लेन्स, कार्ड आणि पिशवी असे सगळे धरून ७०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आमचा प्रवास एसटीने आणि रेल्वेने होतो, त्यामुळे वजन कमी असणे मला फार महत्त्वाचे वाटते. दिवाळीच्या सुट्टीत अजिंठा-वेरूळला जायचे आहे. एरवी कॅमेरा शाळेत जाता-येता रोजच्या पिशवीत राहावा अशी इच्छा आहे. व्हिडिओचे मला विशेष आकर्षण नाही. चौकशी केली तेव्हा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांपैकी कॅनन आर१०० व आर५०, सोनी ए६४०० आणि निकॉन झेड३० अशी नावे पुढे आली. यांतून निवड कोणत्या निकषावर करावी, आणि वापरलेला कॅमेरा घेणे कितपत शहाणपणाचे आहे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

घाटवाट:

नमस्कार. तुम्ही ज्या चार कॅमेऱ्यांची नावे दिली आहेत, त्या सर्वांचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) एपीएस-सी आकाराचा आहे, म्हणजे साधारण २३ मिमी रुंद आणि १५ मिमी उंच. त्यामुळे निव्वळ चित्राच्या दर्जाचा विचार केला तर त्यांच्यात निर्णय फिरवण्याइतका फरक नाही. निकॉन २१ मेगापिक्सेलच्या आसपास आहे आणि बाकीचे २४. घरात लावण्याच्या आकाराची छपाई करताना हा फरक डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की बॉडीची (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याची) तुलना थोडी बाजूला ठेवावी आणि आपण कोणत्या लेन्समधून फोटो काढणार आहोत हे आधी ठरवावे.

तुम्ही सांगितलेल्या दोन प्रसंगांचाच विचार करू. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरता येत नाही आणि परवानगीशिवाय ट्रायपॉडही चालत नाही, तेव्हा कॅमेरा हातात धरूनच फोटो घ्यावा लागतो. पण पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हलत नाही. लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा असेल, तर श्वास रोखून शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, १/१० सेकंद उघडे ठेवले तरी रेघ न् रेघ स्पष्ट येऊ शकते, आणि ही यंत्रणा कॅनन, सोनी व निकॉन या तिघांच्याही छोट्या किट लेन्समध्ये (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्समध्ये) आहे. थोडक्यात, भित्तिचित्रांसाठी किट लेन्स पुरेशी ठरते.

घरातल्या मुलांची गोष्ट नेमकी उलट आहे. कंपनरोधक यंत्रणा तुमचा हात स्थिर करते. पळणारे मूल ती थांबवू शकत नाही. त्यासाठी शटर वेगवान हवे, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात शटर वेगवान ठेवायचे तर लेन्सने जास्त प्रकाश आत घेतला पाहिजे. किट लेन्स थोडी झूम केली की तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ ५.६ किंवा त्याहून लहान होते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). एफ १.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते, म्हणजे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) तोच ठेवून १/३० च्या जागी साधारण १/२५० सेकंदाचे शटर मिळते. धूसर चेहरा आणि स्वच्छ चेहरा यांतले अंतर एवढेच असते, आणि महागडी बॉडी घेऊन ते भरून निघत नाही. त्यामुळे सगळी रक्कम बॉडीवर खर्च करू नका. एका स्वस्त प्राइम लेन्सपुरते पैसे पहिल्यापासून राखून ठेवा.

आता वेरूळकडे वळू. कैलास लेण्याच्या प्रांगणात उभे राहिल्यावर मागे सरकायला जागा फारच थोडी मिळते. लेन्सचा मिमीचा आकडा जितका लहान, तितका रुंद भाग चौकटीत येतो. सोनी आणि निकॉन यांची किट लेन्स १६ मिमीपासून सुरू होते आणि तिचा आवाका पूर्ण आकाराच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या) सेन्सरवरील २४ मिमीइतका भरतो. कॅननची १८ मिमीपासून सुरू होते, आणि त्यांचा सेन्सर किंचित लहान असल्यामुळे ती २९ मिमीसारखी वागते. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो, पण मंदिराचे शिखर आणि जोते एका चौकटीत बसवताना तो चांगलाच जाणवतो. वास्तूंचे फोटो हा तुमचा मुख्य विषय असेल, तर याला माझ्या दृष्टीने मोठे वजन आहे.

आर१०० मात्र मी सुचवणार नाही. त्याचा पडदा जागचा हलत नाही आणि त्याला स्पर्शाने आज्ञा देता येत नाहीत. फोनवरून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या व्यक्तीला ही उणीव रोज बोचेल. थोडे अधिक पैसे घालून आर५० घेणे केव्हाही बरे.

जुनी_रीळ:

घाटवाट यांनी लेन्सबद्दल जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे, पण त्याच युक्तिवादाने मी वेगळ्या ठिकाणी पोहोचतो. लहान लेन्स हवी असेल तर सेन्सरही थोडा लहान असलेला बरा. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत आणली, तिच्यातला सेन्सर १७.३ बाय १३ मिमीचा असतो. क्षेत्रफळ एपीएस-सीच्या साधारण साठ टक्के भरते, म्हणून अंधारात तो काहीसा मागे पडतो हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याच्या लेन्स पाहिल्यात तर तुमचे मत बदलू शकेल. ऑलिंपसची ४५ मिमी एफ १.८ ही पोर्ट्रेटची लेन्स ११६ ग्रॅमची आहे, आणि १४-४२ मिमीची चपटी झूम शंभर ग्रॅमच्या आत आहे. शाळेच्या पिशवीत डब्याशेजारी असा कॅमेरा सहज मावतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑलिंपसच्या ई-एम१० मार्क ४ मध्ये, तो २०२० चा कॅमेरा असूनही, सेन्सरच कंपनरोधक आहे. तुम्ही नावे घेतलेल्या चारही कॅमेऱ्यांत ही सोय नाही. तिथे ती फक्त काही लेन्समध्ये मिळते आणि स्वस्त प्राइम लेन्समध्ये बहुधा नसतेच. ऑलिंपसवर कोणतीही जुनी प्राइम लावा, हात स्थिर राहतो.

अडचणही सांगतो. ऑलिंपसचा कॅमेरा-व्यवसाय जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स या वेगळ्या कंपनीकडे गेला आहे, आणि आपल्याकडच्या दुकानांत या पद्धतीचे कॅमेरे कॅनन-सोनीसारखे मांडलेले दिसत नाहीत. दुरुस्ती कुठे होईल याची चौकशी आधी करावी लागेल. वापरलेला कॅमेरा ओळखीच्या माणसाकडून, निवांत तपासून घेता येत असेल, तरच हा मार्ग धरावा.

तपासणीची रीतही लिहितो. लेन्स कॅमेऱ्यापासून काढावी, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारावा आणि पुढून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्याचे तंतू दिसावेत तशी नक्षी आत दिसली तर ती बुरशी असते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. सुटे धुळीचे कण दिसले तर घाबरायचे कारण नाही, चित्रावर त्यांचा परिणाम होत नाही. मग अ‍ॅपर्चर एफ १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा, म्हणजे सेन्सरवरचे डाग ठळक होतात.

ऊन_सावली:

एका मुद्द्याची भर घालते. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० यांना डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर नाही, आणि सध्या ज्याची बरीच चर्चा आहे त्या फुजीफिल्म एक्स-एम५ लाही तो नाही. ज्यांना प्रामुख्याने व्हिडिओ करायचे आहेत त्यांना त्याने अडत नाही. परंतु आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात, गडाच्या माचीवर उभे राहून मागच्या पडद्यावर चौकट जुळवणे हे मोठे जिकिरीचे काम आहे; पडद्यात स्वतःचाच चेहरा आणि पाठीमागचे आकाश दिसत राहते. शिवाय व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की कॅमेऱ्याला कपाळाचा आधार मिळतो आणि मंद शटरवर हात कमी हलतो. आर५०, ए६४०० आणि निकॉन झेड५० यांना व्ह्यूफाइंडर आहे. तुम्हाला व्हिडिओ नको असल्यामुळे मी तर यादी इथेच आखडती घेतली असती.

गोदाकाठ:

आपण सर्वांनी इतके मुद्देसूद लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. व्ह्यूफाइंडर हवाच, हे आता ठरले. वापरलेला कॅमेरा तपासण्याइतका आत्मविश्वास माझ्यात आज नाही, म्हणून बॉडी नवीच घेईन. एक माहिती मात्र आधी द्यायला हवी होती. माझ्या भावाने त्याचा कॅननचा जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) विकला तेव्हा ५० मिमी एफ १.८ आणि ५५-२५० मिमी या दोन लेन्स घरातच राहिल्या. त्या कपाटात पडून आहेत. नव्या कॅमेऱ्यावर त्या चालू शकतील का? तसे असेल तर कॅनन घेणेच योग्य ठरेल का?

घाटवाट:

ही माहिती निर्णायक आहे. कॅननचा ईएफ-ईओएस आर नावाचा अ‍ॅडॉप्टर मिळतो आणि तो लावला की डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स आर५० वर ऑटोफोकससह चालतात. अ‍ॅडॉप्टरमध्ये काच नसते, तो फक्त अंतर भरून काढतो आणि विद्युत संपर्क जोडतो, त्यामुळे चित्राचा दर्जा उतरत नाही. खरेदी करताना तेवढे पाहा, कारण कॅननच्याच बंद पडलेल्या ईओएस एम या कॅमेरा-मालिकेसाठीचा अ‍ॅडॉप्टर नावाने सारखा वाटला तरी आर५० वर बसत नाही.

५० मिमीची लेन्स आर५० वर ८० मिमीसारखी वागेल. मुलांच्या चेहऱ्यांसाठी ती उत्तम आहे, पण लहान खोलीत तुम्हाला भिंतीला टेकून उभे राहावे लागेल. ५५-२५० मुळे लांबच्या डोंगराचा प्रश्न सुटतो. मात्र ती अ‍ॅडॉप्टरसह पुढे लावली की कॅमेरा लहान राहत नाही, तेव्हा ती सहलीपुरतीच बाहेर काढावी. रोजच्या पिशवीत बॉडी आणि १८-४५ मिमीची किट लेन्स ठेवा. बॉडी बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम आणि लेन्स १३० ग्रॅम, म्हणजे एकूण ओझे अर्धा किलोच्या आसपास राहते.

प्राइम लेन्ससाठी राखून ठेवायला सांगितलेले पैसे आता अ‍ॅडॉप्टर आणि एक जादा बॅटरी यांवर खर्च करता येतील. वेरूळच्या रुंद चौकटीची उणीव राहते खरी. तिथे कॅमेरा उभा धरून एकमेकांवर थोडे चढणारे तीन-चार फोटो घ्यावेत आणि घरी संगणकावर जोडावेत; दगडी वास्तू हलत नसल्यामुळे जोड बेमालूम बसतो.

जुनी_रीळ:

कॅननबद्दल आता माझीही हरकत नाही. कपाटातल्या दोन्ही लेन्स मात्र वर सांगितल्याप्रमाणे टॉर्च मारून आजच पाहा. बंद कपाटात काही पावसाळे काढलेल्या लेन्सवर बुरशीची शक्यता असते, आणि तसे निघाले तर अ‍ॅडॉप्टरवर पैसे घालण्यात अर्थ नाही. त्या स्थितीत कॅननचीच आरएफ ५० मिमी एफ १.८ नवी घ्या, ती १६० ग्रॅमची आहे आणि अ‍ॅडॉप्टरशिवाय बसते. लेन्स चांगल्या असतील तर पुढे त्या चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. तो वर जाऊ लागला की पुड्या बदलाव्यात.

ऊन_सावली:

खरेदीच्या वेळी एक काळजी घ्या. काही दुकानांत तोच कॅमेरा बराच स्वस्त सांगतात, पण तो कंपनीच्या भारतातील वितरकामार्फत आलेला नसतो आणि त्यावर इथली हमी मिळत नाही. जीएसटीची पावती स्वतःच्या नावाने घ्या, तिच्यावर बॉडीचा आणि लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्या, आणि खोक्यावरचा, पावतीवरचा व कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला अनुक्रमांक जुळतो की नाही हे दुकानातून निघण्यापूर्वीच पाहा. भावाची ५० मिमीची लेन्स सोबत घेऊन गेलात तर तिथेच अ‍ॅडॉप्टर लावून ऑटोफोकसही तपासता येईल.