कुंग फू कॉमेडी: वाडग्याची झटापट पुन्हा बघा

'या स्वस्तातल्या कुंग फू विनोदीपटांत कथा नसते, नुसती हाणामारी आणि माकडचेष्टा' असं एक मत वाचलं, ते मला निम्मंच पटलं. कथा फाटकी असते, मान्य. पण १९७८चा हाँगकाँगचा 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' घ्या. युएन वू-पिंगचं दिग्दर्शक म्हणून पहिलंच काम, तोवर फारसा न चाललेला जॅकी चॅन, आणि भिकारी गुरूच्या भूमिकेत दिग्दर्शकाचे सख्खे वडील. म्हातारा गुरू हातातला वाडगा शिष्य जॅकीला काही केल्या घेऊ देत नाही, तो प्रसंग आठवा. मनगट वळतं, कोपर आडवं येतं, वाडगा या हातातून त्या हातात. हसता हसता आपण त्याला विद्या शिकताना बघत असतो. महागड्या सेटने हे साधलं नसतं; त्याला चिनी ऑपेराच्या (गाण्यासोबत कसरती आणि लढाईही असलेल्या नाटकाच्या) तालमीत लहानपणापासून घडलेली शरीरं लागतात.

दोष मात्र झाकू नयेत. आवाज नंतर भरलेला, त्यामुळे ओठ एकीकडे आणि संवाद दुसरीकडे. फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जारच्या 'ऑक्सिजेन' या अल्बममधलं संगीत सरळ उचललेलं. बायकांना जवळजवळ कामच नाही. आणि मांजर-नागाची झुंज खऱ्या प्राण्यांची आहे, ती मला आजही बघवत नाही. तंत्रातली गरिबी मी आनंदाने सोसेन, मुक्या जिवांचे हाल नाही.

बघायचाच तर इंग्रजी डबिंग टाळा. कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या मूळ भाषेत, सबटायटल्स लावून बघा. विनोदाचा ठेका बराच सावरतो.