सोसायटीच्या आवारासाठी गट काढला, पण टिकत नाहीये

तिसरामजला

नमस्कार. जरा लांबण लावते आहे, थोडक्यात सांगितलं तर प्रश्नच कळणार नाही.

आमच्या सोसायटीत ६ इमारती, १३४ घरं. मागच्या बाजूला कुंपणाच्या भिंतीला लागून एक लांबट पट्टा आहे. नकाशात त्याला 'उद्यान' म्हटलंय. प्रत्यक्षात तिथे फुटक्या फरश्या, कुणाच्या तरी संडासाची काढून टाकलेली फ्लशची टाकी आणि दिवसाआड धुमसणारा पाला. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, नेमकं त्या धुराच्या वाटेवर.

गेल्या वर्षी मी पुढाकार घेतला. फोनवर गट काढला. नाव काय द्यायचं यावर दोन दिवस मतदान चाललं. ठरल्या दिवशी ४६ जण उतरले, ४० रोपं लावली, भरपूर फोटो झाले. (फोटोत पुढे कोण होतं ते सांगत नाही.) आज त्यातली ७ जिवंत आहेत. फिरून मोजली मी. गटात अजून ९१ सभासद आहेत, रोज सकाळी सुप्रभात येतं, पाणी घालायला कुणी येत नाही.

सभेत विषय काढला तर सचिव म्हणाले, "ताई, तुम्हीच करा की, आम्ही कुठे अडवलंय?" शेजारच्या काकूंचं म्हणणं वेगळंच. "झाडलोटीला पगारी माणूस आहे. आपण खाली उतरून झाडू हातात घेतला तर त्याला काय वाटेल?"

तर प्रश्न: टिकणारा गट कसा जमवायचा? तो कार्यकारिणीच्या हाताखाली ठेवायचा की वेगळा? आणि यंदा पुन्हा रोपं आणू का?

उंटावरचा

ताई, गटात पाचवा माणूस आला की खजिनदार लागतो आणि सातवा आला की फूट पडते. आमच्याकडे दोन हरित गट आहेत. बाकाला कोणता रंग द्यायचा यावरून फुटले. बाक अजून गंजलेलाच आहे. शुभेच्छा.

खुरपंवाला

उंटरावांची चेष्टा सोडा, पण आकड्याबद्दल ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. मी ११ वर्षं हेच करतोय. त्यातली पहिली दोन पूर्ण वाया घालवली, ती तुमच्या कामी यावीत म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे पहिल्या रविवारी ३१ माणसं आली, तिसऱ्या रविवारी ४. लोक आळशी आहेत असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो. मग कधीतरी मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याबद्दल वाचनात आलं. त्याने माणसांना आधी एकेकटं आणि मग गटाने दोर ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ मध्ये ते छापून आलं. आठ जण मिळून ओढताना माणशी जोर एकट्याच्या जवळपास निम्म्यावर आला. थोडा जोर एकमेकांशी मेळ न जमल्याने जातो आणि थोडा 'बाकीचे आहेत की' या भरवशावर. तुमच्या ९१ जणांपैकी प्रत्येकाला हेच वाटत असणार. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, मी भरपूर चिडून पाहिलंय.

तेव्हापासून 'सर्वांनी अगत्य यावे' लिहिणं मी बंद केलं. एकेकाचं दार वाजवून नेमकं काम मागितलं. "काका, जिन्याजवळचं दुसरं झाड. मंगळवार आणि शुक्रवार, दोन-दोन बादल्या. बास. बाहेरगावी जाताना तेवढं मला सांगून जा." या काकांना पर्यावरण म्हटलं की जांभई यायची. दोन बादल्यांना मात्र उभ्या उभ्या हो म्हणाले, आणि ९ वर्षांत त्यांचं झाड दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलंय. आता तिथे कुणी गाडी टेकवली तर काका गॅलरीतून अशी हाक मारतात की मला बोलावं लागत नाही.

जागा: मागच्या पट्ट्यापासून सुरुवात करू नका. तिथे कितीही राबलात तरी ते फक्त तुमच्या खिडकीतून दिसणार. ज्या वाटेवरून सगळे रोज जातात तिथला लहानसा तुकडा घ्या. आमचा पहिला तुकडा १७ पावलांचा होता, फाटकापासून पहिल्या जिन्यापर्यंत.

वेळ: रविवारी सकाळी ७ ते पावणेआठ. पावणेआठला हत्यारं धुवायला घ्यायची, कितीही काम उरलं असलं तरी. हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड, आणि तो मोडतो तो आपल्यासारखा उत्साही माणूसच. नव्याने आलेल्या शेजाऱ्याला 'एवढं होऊन जाऊ दे' म्हणत तीन तास वाकवलं की पुढच्या रविवारी त्याची पाठ दुखते. खरंच दुखते.

आता तुमच्या काकूंचा मुद्दा. तो मला बरोबर वाटतो, फक्त विचारायचं त्या दादांनाच. आमच्या झाडलोटवाल्या दादांना मी सरळ विचारलं, पाला का जाळता? ते म्हणाले, टाकू कुठे? कचऱ्याची गाडी पाला घेत नव्हती, आम्ही जागा दिली नव्हती, आणि दुपारच्या आत आवार स्वच्छ दिसलं पाहिजे असा आमचाच हुकूम. उरली काडेपेटी. त्यांना पाचोळ्यासाठी खड्डा करून दिला आणि धूर त्याच आठवड्यात थांबला. त्याआधी दोन वर्षं मी 'जाळू नये' असे फलक लावत होतो!

खड्ड्याचंही ऐका. आमचा पहिला खड्डा सडला. मी त्यात कापलेलं हिरवं गवत थरावर थर दाबून भरलं होतं. आठवड्यात असा वास सुटला की तळमजल्यावरच्या आजींनी माझ्याशी बोलणं टाकलं. कुजायला कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात, साधारण ३० ला १ या प्रमाणात. वाळक्या पानांत कर्ब भरपूर, ओल्या गवतात नत्र जास्त आणि शिवाय ते दाबून बसलं की आत हवा शिरत नाही. म्हणून पाचोळा घमेलंभर, हिरवं ओंजळभर, आणि पंधरवड्यातून एकदा वरखाली करायचं. आतला ऐवज मुठीत पिळून बघावा. हाताला ओल लागली पाहिजे, धार लागता कामा नये. घराघरातला ओला कचरा पहिलं वर्ष अजिबात घेऊ नका. लोक पिशवीसकट टाकतात.

रोपं यंदा एकही नको. ४० लावणं एका सकाळचं काम, ४० जगवणं दोन-तीन वर्षांचं. जेवढ्या झाडांना पाणी घालणारा माणूस ठरलाय तेवढीच लावायची, हा आमचा हिशेब. जी ७ जगली त्यांच्याकडे मात्र आज संध्याकाळीच जा आणि आधाराच्या काठीला बांधलेली दोरी बघा. खोड जाड होत जातं, दोरी तेवढीच राहते आणि सालीत रुतते. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं, तो थर आवळला की झाड हळूहळू उपाशी मरतं. चौथ्या वर्षी आमचं एक चांगलं पुरुषभर उंचीचं झाड असंच गेलं. नायलॉनची दोरी होती. गाठ मीच मारली होती.

माजी_सचिव

खुरपंवाल्यांचं बहुतेक पटतं. एका गोष्टीला हरकत आहे: 'सरळ कामाला लागा' हा सूर.

आमच्याकडच्या उत्साही मंडळींनी असंच एका सकाळी खणायला घेतलं आणि पिण्याच्या पाण्याची मुख्य वाहिनी फोडली. पहार एका निवृत्त प्राध्यापकांच्या हातात होती. दोन दिवस लोकांनी बादल्या वर चढवल्या आणि पुढची तीन वर्षं कुणी 'झाड' शब्द काढला तरी सभेत हशा व्हायचा. तेव्हा आधी पाणी, सांडपाणी आणि विजेच्या वाहिन्यांचा नकाशा काढून घ्या. नकाशा हरवलेला असेल (असतोच), तर जुन्या नळकाम करणाऱ्याला आवारात फिरवा आणि तो दाखवेल तिथे चुन्याच्या रेघा मारा.

वेगळा गट की हाताखालचा? माझ्या मते उपसमिती नको, चार ओळींचा ठराव हवा. कोणता तुकडा, कुठून कुठपर्यंत, काय करायची मुभा, काय विचारूनच करायचं. शिडीवर चढून फांद्या तोडणं आणि विजेच्या तारांजवळचं काहीही गटाने करायचं नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. कुणी पडलं तर निस्तरायला सचिवच लागतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. चराऊ रानं, पाटाचं पाणी, मासेमारीच्या जागा लोक स्वतःच नियम करून पिढ्यान्पिढ्या कशा सांभाळतात, हा त्यांचा विषय. जिथे हे टिकलं तिथे त्यांना आढळलेली पहिली गोष्ट म्हणजे हद्द स्पष्ट होती आणि वाटेकरी कोण तेही. दुसरी, नियम बदलण्यात वापरणाऱ्यांचाच हात होता. आणि नियम मोडणाऱ्याला एकदम मोठी शिक्षा नव्हती, आधी नुसती समज. आमच्या कार्यकारिणीने याच्या बरोबर उलट केलं होतं. पहिल्याच दिवशी दंडाचा फलक.

पैशांचं म्हणाल तर वर्गणी काढूच नका. फावडं हवं तर कुणाच्या तरी माळ्यावर पडलेलं असतं.

तिसरामजला

दोघांचे आभार. संध्याकाळी कात्री घेऊन गेले होते. ७ पैकी ५ झाडांची सुतळी रुतलेली निघाली, एकीच्या वर खोडाला चक्क फुगवटा आलाय. कापून टाकल्या. खरं सांगू, वर्षभर मी त्या झाडांचे फक्त फोटो काढत होते, हात कधी लावलाच नव्हता.

आमच्या दादांनाही विचारलं. तेच उत्तर: टाकू कुठे?

पण आता नवीन अडचण. खड्ड्याची गोष्ट कळल्यावर काकू म्हणतात, डास होतील. आणि काकूंचं मत म्हणजे अख्ख्या दुसऱ्या इमारतीचं मत.

खुरपंवाला

डासांची अंडी-अळ्या वाढतात त्या साचलेल्या पाण्यात. नीट ठेवलेल्या पाचोळ्याच्या खड्ड्यात पाणी साचतच नाही. साचत असेल तर आधी तो निचरा बघा. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा आवारातलं सगळं साचलेलं पाणी ओतून द्यायचं. कुंड्यांखालच्या बशा, टायर, गच्चीवरचे डबे. नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी आलं की उबतात. त्यामुळे कडा घासायची.

आणि हो, तुमच्या पट्ट्यातल्या त्या फ्लशच्या टाकीत कुणी वाकून बघितलंय का?

तिसरामजला

बघितलं. अर्धी भरलेली होती आणि आत वळवळ.

काकूंना हात धरून खाली नेलं आणि टाकी दाखवली. त्या पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. हा विक्रम आहे. मग तिथल्या तिथे दादांना हाक मारून दोघांनी ती उलटी केली. या शनिवारी काकू प्रत्येक इमारतीखाली उभ्या राहून "बशा घासा" म्हणून ओरडत होत्या. मी सांगितलं नव्हतं. यादी करून आल्या होत्या, कोणत्या मजल्यावर किती बशा त्याची.

ठराव चार नव्हे सहा ओळींचा झाला, सचिवांना शेवटच्या दोन स्वतःच्या हव्या होत्या. रविवारी फाटकाजवळच्या तुकड्यावर आम्ही चौघे होतो. मी, काकू, दादा (त्यांनी खुरपं घेतलं नाही, सुट्टीचा दिवस, पण कुठे खणायचं नाही ते दाखवायला मुद्दाम आले) आणि सचिवांची नववीतली मुलगी. पावणेआठला थांबलो. मुलीला अजून खणायचं होतं, तिला नाही म्हणताना माझ्याच जिवावर आलं.

फोनवरचा गट तसाच आहे. सुप्रभात चालू.

उंटावरचा

खजिनदार कोण?

तिसरामजला

पाचवा माणूस येऊ दे.