बँकांची अ‍ॅप्स अंधांना वापरता यावीत म्हणून: आधी वाटाघाट की थेट कोर्ट?

निशिगंध:
३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर एकत्र निकाल दिला. ऑनलाइन केवायसीत 'डोळे मिचकवा' असं सांगतात. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांनी किंवा पूर्ण अंध माणसाने ते कसं करायचं, हा वादाचा मुद्दा. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं आणि वर २० निर्देश दिले. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

तरी माझं मत असं की आता कोर्टाची वाट जरा कमी करावी. मी जन्मांध, फोनवर टॉकबॅक वापरतो, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारा स्क्रीन रीडर. माझ्या बँकेच्या अ‍ॅपमधला पिनचा कीपॅड सुरक्षिततेसाठी दर वेळी आकड्यांच्या जागा बदलतो. आकड्यांना लेबल नाही, त्यामुळे कुठेही बोट फिरवलं तरी 'बटण', 'बटण' एवढंच ऐकू येतं. कस्टमर केअरच्या खनपटीला बसून ते एकदा दुरुस्त करून घेतलं. पुढच्या अपडेटला कीपॅड पुन्हा मुका. निकाल एकदा लागतो, अ‍ॅप मात्र दर अपडेटला बिघडू शकतं. म्हणून समोरासमोर बसून लेखी करार हवा: कुठला दर्जा पाळणार, कधीपर्यंत, आणि नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी स्क्रीन रीडर वापरणारा माणूस ती तपासणार का, तेही मोबदला घेऊन. वकील सोबत असावाच. दावा ठोकायला नव्हे, कागद पक्का करायला.

सॅन होजेकर:
+१. इथे कॅलिफोर्नियात हे १९९० च्या दशकातच झालं. एटीएमच्या बटणांवर ब्रेल असायचं, पण पडद्यावर काय लिहून येतंय ते अंधांना कळणार कसं? कॅलिफोर्निया कौन्सिल ऑफ द ब्लाइंड ही संघटना आणि लेनी फाइनगोल्ड, लिंडा दर्दारियन या वकिलांनी दावा न लावता सिटीबँक, वेल्स फार्गो आणि बँक ऑफ अमेरिकेला पत्रं लिहिली आणि बोलणी सुरू केली. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये बोलणारं एटीएम लागलं. त्यात इअरफोन लावायचा, म्हणजे मागे रांगेत उभ्या असलेल्याला तुमची शिल्लक कळत नाही. २००० साली बँक ऑफ अमेरिकेशी झालेल्या करारात वेबसाइटसुद्धा आली. या पद्धतीला इथे 'स्ट्रक्चर्ड निगोशिएशन' म्हणतात.

खडूस वकील:
छान गोष्ट. पण त्या पत्रामागे १९९० चा एडीए, म्हणजे अपंगांशी भेदभावाला बंदी घालणारा अमेरिकेचा कायदा उभा होता, हे विसरू नका. तो नसता तर पाकीट कुणी फोडलंही नसतं.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ४६ ने सेवा देणाऱ्यांना नियम निघाल्यापासून २ वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. आणि कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दंड किती? फार तर १०,००० रुपये! दिवाळीच्या कॅलेंडरांवर बँका याहून जास्त उडवतात. एवढ्या दंडाला भिऊन कोण तुमच्याशी टेबलावर बसणार?

शिवाय करार केलात तर एक बँक सुधारेल. त्या एप्रिलच्या निकालानंतर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने डिजिटल सेवा दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून ३१ जुलै २०२५ ला परिपत्रक काढलं आणि ब्रोकर, म्युच्युअल फंड सगळेच त्यात आले. हे चहापाण्याच्या बैठकांतून झालं असतं?

निशिगंध:
आणि कोर्टाचा वेग? सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून केलेली राजीव रतुरींची याचिका २००५ ची. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे नकोत, बंधनकारक हवेत, हे त्यात न्यायालयाने सांगितलं ८ नोव्हेंबर २०२४ ला. १९ वर्षं! तोवर मी शाळा, कॉलेज, नोकरी सगळं उरकलं.

खडूस वकील:
उशीर झाला हे मान्यच. पण त्या निकालाने २०१७ च्या नियमांतला, दर्जा नुसता शिफारशीपुरता ठेवणारा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला नवे, सक्तीचे नियम आखायला सांगितलं. वाटाघाटीत नियम रद्द करता येत नाही हो.

निवृत्त शाखाधिकारी:
दोघेही वरच्या मजल्यावरचं बोलताय. काउंटरवर काय चालतं ते सांगतो. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर यांत भेदभाव करू नका, हे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवलं होतं. मला ते कुणी शिकवलं नाही. 'कुणाला तरी बरोबर आणा, जॉइंट खातं काढा' हीच आमची रीत. चेकवर कुणी भलतंच लिहून घेतलं तर मेमो माझ्या नावाने निघणार, ही धास्ती खरी असते. परिपत्रकाने ती जात नाही. प्रशिक्षणाने कदाचित गेली असती.

निशिगंध:
साहेब, धडधाकट डोळ्यांची माणसंही ओटीपी सांगून फसतात. त्यांची चेकबुकं काढून घेता का?

निवृत्त शाखाधिकारी:
नाही. मुद्दा बिनतोड आहे.

कोडकरी:
डेव्हलपर म्हणून दोन शब्द. बटणाला लेबल देणं हे बहुतेक वेळा एका ओळीचं काम. पण वकिलाची नोटीस आली की प्रकरण लीगलकडे जातं आणि आम्हाला तक्रारदाराला 'कुठल्या स्क्रीनवर अडतंय?' एवढं विचारायचीही चोरी. साधं पत्र आलं तर निदान फोन तरी करता येतो.

खडूस वकील:
आणि नोटीस नसताना ती एक ओळ कितीदा 'पुढच्या रिलीजला बघू' म्हणून मागे पडली? खरं सांगा.

कोडकरी:
बऱ्याचदा. 😐

तासगावची ताई:
मी पूर्ण अंध. मला वेगळीच शंका आहे. टेबलावर बसणार कोण? पुण्या-मुंबईची, इंग्रजी सराईतपणे बोलणारी, आयफोनवाली मंडळी. ते मोठ्या बँकांशी बोलतील. माझं खातं सहकारी बँकेत. तिच्या अ‍ॅपमध्ये मराठी सूचना चित्र करून टाकल्यात, त्यामुळे माझा स्क्रीन रीडर त्यावरून सरळ पुढे जातो. कॅप्चाला आवाजाचा पर्याय नाही. अशा बँकांना पत्र कोण लिहिणार?

पण कोर्टाचंही फार कौतुक नको. नोटा-नाणी ओळखता येत नाहीत म्हणून नॅब ही अंधांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. १००, २०० आणि ५०० च्या नव्या नोटांची रुंदी एकच, ६६ मिमी; लांबीत फरक ४-४ मिमीचा. बाजारात भाजीवाली समोर उभी असताना हा फरक बोटांना कळत नाही. प्रकरण चालू असताना, जानेवारी २०२० मध्ये, रिझर्व्ह बँकेने कॅमेऱ्याने नोट ओळखून सांगणारं 'मनी' अ‍ॅप आणलं. नोट हाताने ओळखायची होती, मिळाला फोन. आणि नोट खरी की खोटी हे तेही सांगत नाही.

खडूस वकील:
ताई, नोटांचं पटलं. तिथे छपाईच्या आधीच अंधांना बोलवायला हवं होतं. नोटा छापून झाल्यावर कोर्ट तरी त्यांची लांबी किती वाढवणार?

निशिगंध:
मग माझंच म्हणणं मान्य की.

खडूस वकील:
अर्धं. पत्र लिहा, पण त्यातच तारीख घाला: अमुक महिन्यांत करार झाला नाही तर दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, आणि तिथे भागलं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. करार गुपचूप करायचा नाही, तो जाहीर व्हायला हवा, म्हणजे दुसऱ्या बँकेच्या तोंडावर फेकता येईल. आणि सुरुवात ताईंच्या सहकारी बँकेपासून करा. मोठ्या बँकांकडे सगळ्यांचं लक्ष असतंच.

निशिगंध:
तारखेचं मान्य. पण धमकी पहिल्याच पानावर नको. कोडकरींसारखी माणसं आतून मदत करतात ती त्याने बिथरतात.

खडूस वकील:
दुसऱ्या पानावर घाला. पण घाला.

तासगावची ताई:
मसुदा मराठीत करा. बँकेच्या लोकांची यादी मी देते. फक्त पत्र स्कॅन करून पीडीएफ टाकू नका इथे, मला वाचता येणार नाही.