आईच्या पंचाहत्तरीसाठी डिजिटल स्क्रॅपबुक : सुरुवात कुठून करावी?

प्रश्नकर्ती, मिरज

येत्या मार्गशीर्षात माझ्या आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने तिच्या आयुष्यातल्या फोटोंचे, पत्रांचे आणि कागदपत्रांचे एक डिजिटल स्क्रॅपबुक करावे आणि शेवटी ते पुस्तकासारखे छापून तिच्या हाती द्यावे, असे माझ्या मनात आहे. घरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात सुटे दोनेकशे फोटो आहेत. त्याशिवाय काळ्या पानांचा एक जुना अल्बम, वडिलांनी नोकरीच्या गावाहून तिला पाठवलेली अंतर्देशीय पत्रे, १९७३ सालची लग्नपत्रिका आणि तिची पाककृतींची वही एवढे साहित्य आहे. माझ्याकडे साधा लॅपटॉप आणि स्कॅनर असलेला प्रिंटर आहे, परंतु फोटो जुळवण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरचा मला अनुभव नाही.

मागच्या महिन्यात नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेले फोटो घेऊन मी मोबाइलवरच एक पान तयार केले आणि बारा इंची चौकोनी आकारात छापून आणले, तेव्हा पडद्यावर स्वच्छ दिसणारे चेहरे कागदावर पुसट झालेले पाहून मला फार वाईट वाटले. चूक नेमकी कुठे झाली, सॉफ्टवेअर कोणते घ्यावे आणि मराठी मजकूर सुबक कसा लिहावा, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, अशी विनंती.

पहिले उत्तर, डोंबिवली

ताई, सॉफ्टवेअर कोणते हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू, कारण तुमचे पान बिघडले ते त्याच्या आधीच्या पायरीवर. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल असावेत असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे बारा इंची चौकोनी पान ३६०० बाय ३६०० पिक्सेलचे हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचित होऊन येतो आणि त्याची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास असते. तो पूर्ण पानभर ताणला की इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल उरतात. नातेवाइकांना तेच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी मिळेल. मात्र त्यांनी कागदी फोटोचा मोबाइलने तिरका फोटो काढला असेल, तर तेवढ्यानेही भागणार नाही. असे महत्त्वाचे फोटो काही दिवसांसाठी मागून आणावेत आणि स्वतः स्कॅन करावेत.

स्कॅन करताना काच आधी मऊ, कोरड्या कापडाने पुसून घ्या आणि स्कॅनरची ‘आपोआप सुधारणा’ करणारी सोय बंद ठेवा, कारण ती जुन्या कृष्णधवल फोटोंतल्या सावल्या जाळून टाकते. साडेतीन बाय पाच इंचांचा नेहमीचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केला की २१०० बाय ३००० पिक्सेलची फाइल मिळते, आणि तो दुप्पट मोठा करून सात बाय दहा इंचांत छापला तरी स्पष्ट येतो. पासपोर्ट आकाराच्या फोटोंना १२०० डीपीआय द्या. मूळ प्रत टिफ स्वरूपात साठवा, कारण जेपेग फाइल बदल करून पुन्हा साठवली की दर वेळी तिचा दर्जा थोडा उतरतो. अशी एक टिफ फाइल साधारण १८-१९ एमबीची होईल. दोनशे फोटोंना चार जीबीही लागणार नाहीत, म्हणून जागेची चिंता करू नका.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, ‘चि. सौ. ताईस सप्रेम’ अशी एखादी ओळ, हे सगळे पुढे पानावर फोटोइतकेच मोलाचे ठरते. फाइलीचे नाव सालापासून सुरू करा, उदाहरणार्थ ‘१९७३-लग्न-०१’, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागेल. सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावंडांपैकी कोणाकडे असू द्या.

दुसरे उत्तर, पुणे

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. सॉफ्टवेअरचे म्हणाल, तर पहिली दोन पाने कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन साधनावर करून पाहण्यास हरकत नाही, कारण ते शिकायला सोपे आहे. मात्र तेथे पानाचा आकार सुरुवातीलाच ठरवून घ्या, कारण नंतर तो बदलण्याची सोय सशुल्क आवृत्तीत आहे. पूर्ण पुस्तक करायचे असेल, तर गिम्प हे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर शिकण्यात घातलेला आठवडा वाया जाणार नाही. लग्नाचे करिझ्मा अल्बम करणारे छायाचित्रकार प्रामुख्याने फोटोशॉप वापरतात, पण नवशिक्याने केवळ या कामासाठी त्याचे शुल्क भरावे, असे मला वाटत नाही.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले, तरी समजून घ्यायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे लेयर, अर्थात थर. सर्वांत खाली पार्श्वभूमीचा कागद, त्यावर कागदाचा एखादा तुकडा, त्यावर फोटो आणि सर्वांत वर मजकूर, असे थर एकमेकांवर पारदर्शक काचांसारखे रचलेले असतात, आणि प्रत्येक थर बाकीच्यांना धक्का न लावता हलवता येतो. फोटो कागदावर खरोखर चिकटवल्यासारखा दिसावा म्हणून त्याच्या खाली बारीक सावली द्यावी लागते. येथे नवशिक्यांची नेहमी चूक होते. पानावरच्या सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडल्या पाहिजेत, आणि फोटो कागदाला लागून असल्यामुळे त्याची सावली अगदी अरुंद, तर बटण किंवा फूल उंच असल्यामुळे त्याची सावली थोडी रुंद हवी.

सजावटीसाठी इंटरनेटवर तयार संच मिळतात, पण मी तुम्हाला घरातलेच साहित्य वापरायला सुचवीन. माझ्या आजीच्या इरकली लुगड्याचा काठ मी स्कॅनरवर सपाट पसरून स्कॅन केला आणि त्याची पट्टी तिच्या प्रत्येक पानाच्या कडेला लावली. डाव्या टोकाला रफू केलेले चार टाकेही त्यात दिसतात, आणि ते मी मुद्दाम पुसले नाहीत. जरीचा काठ असेल, तर मात्र स्कॅनरऐवजी ओसरीतल्या सावलीत फोटो काढा, कारण स्कॅनरच्या प्रकाशात जरीचे धागे काळपट येतात.

मराठी मजकुरासाठी युनिकोड फॉण्टच घ्या. मुक्ता, शोभिका आणि टिरो देवनागरी मराठी हे विनामूल्य मिळणारे फॉण्ट उत्तम आहेत, आणि हस्ताक्षरासारखे वळण हवे असेल तर कलम वापरून पाहा. फॉण्ट ठरवण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘विठ्ठल’, ‘ज्ञानेश्वरी’ हे शब्द टाइप करून बघा. अर्धा र नीट न येणारे किंवा ल आणि श हिंदी वळणाचे दाखवणारे फॉण्ट बाजूला ठेवा. मजकूर पानाच्या कडेपासून अर्धा इंच आत असू द्या, कारण छापखान्यात पाने कापताना कडेचा भाग जातो.

प्रश्नकर्ती, मिरज

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. स्कॅनिंग सुरू केले आहे, पण दोन अडचणी आल्या. १९८०च्या आसपासचे रंगीत फोटो खरबरीत, जाळीदार पृष्ठभागाच्या कागदावर आहेत आणि स्कॅनमध्ये त्या जाळीचे पांढरे ठिपके चेहऱ्यांवर उमटतात. शिवाय एका अल्बममध्ये चिकट पानांवर प्लास्टिकखाली फोटो आहेत आणि ते निघता निघत नाहीत.

तिसरे उत्तर, नागपूर

अशा जाळीदार पृष्ठभागाला सिल्क फिनिश म्हणतात. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा, दुसरी प्रत संगणकावर सरळ करून पहिलीवर बरोबर जुळवा आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के करा. प्रकाश विरुद्ध बाजूंनी पडल्यामुळे ठिपके बरेच निवळतात.

चिकट अल्बममधले फोटो ओढू नका. प्लास्टिक हलकेच उचलून आधी अख्खे पानच स्कॅनरवर ठेवा, म्हणजे पुढे काही झाले तरी एक प्रत हाती राहील. त्यानंतर दातांच्या फटी साफ करण्याचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा सावकाश सरकवत न्या. एक कोपरा जरी वाकू लागला, तरी थांबा आणि स्कॅनवर समाधान माना.

आणखी एक सांगतो. मोठ्या हौसेने दोनशे फोटो स्कॅन करून वर्षभर पहिले पानही न झालेले लोक मी पाहिले आहेत. तुम्ही उद्या एकच फोटो निवडा, आईशेजारी बसा, ती बोलेल ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि तिच्याच शब्दांतल्या चार ओळी त्या पानावर लिहा. सजावट नंतरही करता येते, पण फोटोतली माणसे ओळखणारे दुसरे कोणी घरात नसेल.

प्रश्नकर्ती, मिरज

आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री आईला लॅपटॉपसमोर बसवले आणि तिच्या माहेरच्या अंगणातला १९६८ सालचा कृष्णधवल फोटो मोठा करून दाखवला. मूळ फोटो तळहाताएवढाही नाही, आणि आम्ही भावंडे त्यात आजवर फक्त पुढे उभ्या असलेल्या चौघांना पाहत आलो होतो. आई चष्मा सावरून पडद्याजवळ वाकली, मागच्या दाराच्या चौकटीतल्या अंधारावर बोट ठेवून म्हणाली, “ही बघ, माझी आजी. फोटो काढायला पुढे ये म्हटलं तर आली नाही, आतूनच बघत उभी होती.” पांढऱ्या पदराची कड आणि चौकटीवर टेकलेला हात मला तेव्हा दिसला.

पहिले पान याच फोटोचे करत आहे. तो अख्खा फोटो वर, दाराच्या चौकटीचा तेवढाच भाग मोठा करून खाली, आणि शेजारी आईचे वाक्य कलम फॉण्टमध्ये.