परसातल्या कोंबड्या आणि घरची लाडकी जनावरं: तुमचे अनुभव लिहा

दहिसर

आमची तांबडी अंड्यांवर बसली त्याला आज नऊ दिवस झाले. दहिसर गावठाणात आमचं बैठं घर, मागे शेवग्याखाली जेमतेम आठ बाय दहाची मोकळी जागा. लॉकडाऊनमध्ये मुलाच्या हट्टापायी कोंबड्या आणल्या आणि तेव्हापासून खुराडं कधी रिकामं राहिलंच नाही. मार्चपर्यंत तीन होत्या. मग एका दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील, तेवढ्यात मुंगसाने दोघींना मारलं. एकीला घेऊन गेलं, दुसरी तिथेच पडलेली, मानेशी एवढीशी जखम. तांबडी शेवग्यावर चढून बसली होती, संध्याकाळपर्यंत खाली यायला तयार नाही. त्यानंतर महिनाभर अंडं नाही, आवाज नाही, आणि मग एकदम खुडूक झाली, रिकाम्या टोपलीत दिवसदिवस बसून राहायची, हात लावला की अंग फुगवून टोचायला यायची.

आमच्याकडे कोंबडा नाही, त्यामुळे तिच्या स्वतःच्या अंड्यांतून पिल्लं निघणं शक्यच नव्हतं. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा जाऊबाईंनी कोंबडा फिरतो त्या घरची ताजी आठ अंडी दिली, तांदळाच्या डब्यात खोचून तुतारी एक्सप्रेसने आणली, पूर्ण एक दिवस डबा तसाच ठेवला आणि मग रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवली. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितली तर सहांमध्ये लाल शिरांचं जाळं दिसलं. दोन साफ कोरी होती, ती काढली, नाहीतर सडून फुटतात. मुलगा रोज कॅलेंडरवर फुली मारतोय.

आनंद आहे, पण झोप लागत नाही हेही खरं. मुंगूस परत येईल का, या उकाड्यात ती तग धरेल का, आणि पिल्लांत नर निघाले तर पुढे काय? शेजारी आरवणं किती दिवस सहन करतील? तुम्ही कोंबड्या, मांजरं, कुत्री, जे पाळलं असेल त्याचं लिहा. चांगलं लिहा आणि जे चुकलं तेही लिहा.

परळ

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहितो. मी चौथीत असताना आमच्या चाळीखाली एक माणूस टोपलीत रंगवलेली पिल्लं घेऊन यायचा, गुलाबी, हिरवी, जांभळी. मी आणि बहिणीने खाऊचे पैसे साठवून पाच घेतली. चार दिवसांत चार गेली. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस डिग्रीच्या आसपास ऊब लागते, आम्ही त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यात फरशीवर ठेवायचो आणि सकाळी एकेक ताठ झालेलं मिळायचं. पाचवं बहिणीने रात्रभर स्वेटरमध्ये गुंडाळून पोटाशी धरलं, ते जगलं. हिरवा रंग गळून पांढरा कोंबडा झाला. मोठेपणी कळलं की अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीत नर पिल्लांचा उपयोग नसतो, ती अशी रंगवून पोरांना विकतात.

चाळीच्या कॉमन गॅलरीत तो राजासारखा फिरायचा. साडेचारला आरवायचा, फर्स्ट शिफ्टचे गिरणी कामगार त्याच्यावर उठायचे म्हणून कुणी तक्रार केली नाही. मग आषाढ संपत आला. गटारीला काका येणार, आणि घरात त्या कोंबड्याकडे बघून बोलणं सुरू झालं. आम्ही मटण-मच्छी सगळं खाणारं घर आहोत, मला त्यात काही वावगं वाटत नाही, आजही वाटत नाही. पण बहीण दोन दिवस जेवली नाही. बाबा कमी बोलणारे. आदल्या रात्री त्यांनी कोंबडा पिशवीत घातला, पिशवीला भोकं पाडली, एसटीची रात्रीची गाडी पकडून गावी आत्याकडे सोडून आले आणि सकाळी परस्पर मिलमध्ये गेले. गटारीला बाजारातून कोंबडी आली. ती बहिणीने खाल्ली की नाही मला आठवत नाही, बाबांनी खाल्ली नाही एवढं आठवतं. तो कोंबडा आत्याकडे पुढे चार वर्षं होता.

म्हणून सांगतो, नर निघाले तर कुठे जाणार हे आत्ताच गावी फोन करून ठरवून ठेवा.

गोरेगाव, आरे

मुंगसासाठी लगेच करा. ती षटकोनी बारीक तारेची कोंबडी-जाळी उपयोगाची नाही, दाताने वाकते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, खालून जमिनीत फूटभर पुरा, कारण ते उकरून येतं, आणि कडी अशी लावा की नुसत्या ढकलण्याने उघडणार नाही. आमच्याकडे मुंगसापेक्षा मोठा पाहुणा आहे. आरेत राहायचं म्हणजे बिबट्या शेजारी धरूनच चालायचं, दिवे लागायच्या आत कोंबड्या आणि कुत्रा दोन्ही आत. आमचा मोत्या एका रात्री साखळीला बाहेर राहिला, पाहुणे आले होते, बोलण्यात विसरलो. आवाजसुद्धा आला नाही. सकाळी साखळी होती. मला बिबट्याचा राग नाही, तो त्याच्या जागेत फिरतो. साखळी मी बांधली होती, म्हणून तो पळूही शकला नाही, हे मात्र जात नाही मनातून.

भांडुप

खुडूक उतरवायला आमची आजी कोंबडीला थंड पाण्यात बुडवायची, नाकात पीस अडकवायची. वाचणाऱ्यांपैकी कुणी करत असेल तर कृपया करू नका. बसायची जागा काढून घ्या, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा, आपोआप उतरते. तांबडीला बसवलंत ते फार छान केलंत.

गिरगाव

मी कोंबड्यांचं नाही, मांजराचं लिहिणार आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण ताईंनी चुकलेलंही लिहा म्हटलंय.

आमची मनी जिन्याखाली सापडली होती, डोळे नुकते उघडलेले. आईला मांजर अजिबात नको होतं, दूध फाटतं, केस पडतात, देवघरात जाते. तीन महिन्यांत अशी वेळ आली की बांगडे आणले की पहिला तुकडा काटे काढून मनीला, मग आम्हाला. आईचे गुडघे दुखायचे तर ही येऊन बरोबर गुडघ्यावर बसायची.

सहा वर्षांची असताना एकदा ती मलूल पडली. अंग गरम लागत होतं, रविवार होता, आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले. मी माणसाच्या तापाची गोळी, पॅरासिटामॉल, तिचा अगदी पाव तुकडा दुधात विरघळवून दिला. लहान बाळाला देतात तर हिला काय होणार असं वाटलं. संध्याकाळी तिचं तोंड सुजलं, हिरड्या गुलाबीच्या चॉकलेटी दिसायला लागल्या, श्वास धापा टाकल्यासारखा. टॅक्सीने परळला बैलघोड्याला, म्हणजे जनावरांच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या बघितल्या विचारलं, पॅरासिटामॉल दिलं का? मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, त्याने हिरड्यांचा रंग बदलतो. यावर औषध आहे, त्यांनी ते सलाईनमधून दिलं, ऑक्सिजन लावला, पण आम्ही उशिरा पोचलो होतो. पहाटे गेली.

आईने मला एका शब्दाने बोललं नाही. अजून घरात ती तापाची गोळी हातात घेतली की माझा हात थांबतो. वाचणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलांना, कामाला येणाऱ्या मावशींना, की मांजराला पॅरासिटामॉल नाही, एक कणही नाही. आणि कुत्र्याला चॉकलेट, कांदा, मनुका नाही. हे कुणीतरी मला सांगितलं असतं तर.

आता घरात दुसरी आहे, आईनेच आणली, वर्षभराने. तिचंही नाव मनीच ठेवलं.

दहिसर

गिरगावच्या ताई, वाचून मी किती वेळ नुसती बसून होते. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, दोन जणींकडे मांजरं आहेत आणि दोघींनाही माहीत नव्हतं.

इकडचं सांगते, आज तेरावा दिवस. अर्ध्या इंचाची जाळी लावली, मिस्त्रीने खाली फूटभर पुरून दिली. तांबडी दिवसातून एकदाच उठते, वीसेक मिनिटं, घाईघाईने दाणे खाते, पाणी पिते, मातीत लोळते आणि धावत परत. दुपारी चोच उघडी ठेवून धापते म्हणून खुराड्यावर ओली गोणपाटं टाकतेय.

कुर्ला

माळ्यावरच्या कोंबड्यांची आठवण आली. 26 जुलै 2005, त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी. वडील ऑफिसात अडकलेले, घरी मी, आई आणि सहा कोंबड्या. आईने आधी गॅस सिलिंडर बांधला, मग कागदपत्रं माळ्यावर, मग पाण्यात उतरून खुराड्यातून एकेक कोंबडी काढून माझ्या हातात दिली, मी शिडीवरून डालग्याखाली कोंबत गेलो. रात्रभर अंधारात आम्ही दोघं आणि त्या सहा जणी माळ्यावर, त्यांचा वास, त्यांची कुरकुर, खाली पाण्यावर आपटणारी भांडी. पहाटे डालग्यात एक अंडं होतं! आईने ते हातात घेतलं आणि रडायला लागली, संपूर्ण रात्रीत पहिल्यांदा.

मुलुंड

मला 2021 चा जानेवारी आठवतो. परभणीकडून बर्ड फ्लूच्या बातम्या, मुंबई-ठाण्यात कावळे मरून पडलेले, आणि आमच्या वाडीत चार कोंबड्या. सोसायटीतले लोक येऊन म्हणाले मारून टाका. त्यांची भीती खोटी नव्हती, घरात लहान मुलं होती त्यांच्या. आम्ही कोंबड्या महिनाभर बंद ठेवल्या, वरून ताडपत्री म्हणजे पक्ष्यांची विष्ठा आत पडायला नको, आत जायच्या चपला वेगळ्या, हात साबणाने. अंडी पूर्ण उकडून खायची, 70 डिग्रीला तो विषाणू मरतो, पण शेजारी घेईनात. शेजाऱ्यांशी आधीपासून अंड्यांची देवाणघेवाण होती म्हणून प्रकरण चिघळलं नाही. कोंबड्या पाळणाऱ्याने पहिली चार अंडी शेजारी द्यावीत असं माझं ठाम मत आहे.

वसई, माहेर. सासर अंधेरी

पिल्लं निघणार म्हणताय तर लसीचं आत्ताच बघा. आमच्याकडे एका पावसाळ्यात कोंबड्यांची मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग आला. हिरवी पातळ हगवण, मान पिळवटून वाकडी, गोल गोल फिरायच्या. चौदातल्या अकरा चार दिवसांत गेल्या. पप्पा खड्डा खणत होते आणि चुना टाकत होते, रोज नवा खड्डा. एकदा लागली की यावर औषध नाही, लसच पाहिजे. पहिल्या आठवड्यात लासोटा, डोळ्यात एक थेंब. अडचण अशी की बाटली शंभर किंवा जास्त पिल्लांची येते, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, शिवाय बर्फातून आणायची. तेव्हा आसपास कोंबड्या असलेली तीन-चार घरं एकत्र करा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा आणि एकाच दिवशी सगळ्यांना द्या. आम्ही आता गल्लीची मिळूनच करतो.

आणि पिल्लांच्या पाण्याच्या ताटलीत खडे टाकून ठेवा, उथळ पाण्यातसुद्धा बुडतात.

मालाड

आमच्या टायसनचं थोडक्यात लिहितो, कारण मोठं लिहिता येत नाहीये अजून. रस्त्यावरचाच, चौदा वर्षं होता. सोसायटीने लिफ्ट बंद केली तेव्हा मी भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांची प्रत दिली, त्यात लिफ्टचंही लिहिलंय, प्रश्न मिटला. दिवाळीत मात्र काही मिटायचं नाही, पाचही रात्री बाथरूममध्ये पंखा, रेडिओ लावून मी त्याच्याबरोबर फरशीवर बसायचो. गेल्या महिन्यात गेला. पालिकेने 2023 मध्ये मालाडला प्राण्यांसाठी दाहिनी सुरू केली, तिथे नेता आलं. माझ्या आधीच्या कुत्र्याला रात्री खाडीजवळ लपतछपत पुरावं लागलं होतं. यावेळी दिवसाउजेडी, हार घालून नेलं.

दहिसर

आज एकविसावा दिवस. काल रात्रीपासून पाऊस सुरू झालाय, पहिलाच. सकाळी टोपलीजवळ कान नेला तर आतून चिवचिव, अंड्याच्या आतून, आणि तांबडी अगदी खालच्या सुरात घशातल्या घशात उत्तर देतेय. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. एका अंड्याला टिचकीएवढं भोक पडलंय. मुलगा म्हणतो सोलून मदत करूया. गावी जाऊबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या हात लावशील तर बघ, एक दिवससुद्धा लागतो, रक्त आतल्या पडद्यात असतं ते ओढून घेऊ दे त्याला. तो शाळेत गेला नाही. मीही पाठवला नाही.

दहिसर

सहापैकी पाच! तीन पिवळी, एक काळं, एक तांबडीसारखं. सहावं दोन दिवस वाट बघून काढलं, आत पूर्ण वाढलेलं होतं, बाहेर येऊ शकलं नाही. मुलाने शेवग्याखाली पुरलं. नर किती ते दीडदोन महिने तरी कळणार नाही, पण परळच्या दादांचं ऐकून जाऊबाईंना विचारून ठेवलंय, त्या म्हणाल्या येतील तेवढे पाठव. लसीसाठी गावठाणातली तीन घरं जमली, बुधवारी बाटली आणतोय. ताटलीत खडे टाकलेत.

आत्ता लिहितेय तेव्हा बाहेर धो धो चाललाय, आणि तांबडीच्या पंखाखालून पाच चोची बाहेर आल्यात.