पोरांची गळवं आणि टाकीचं पाणी

बी ३०२ काकू: नमस्कार. आपल्या विंगमधल्या किती पोरांना गळवं आलीत कुणी सांगेल का? नातवाला मांडीवर दुसऱ्यांदा आलंय, रात्रभर कण्हत होता. मागच्या खेपेला विचारलेलं तर कुणी उत्तरपण दिलं नाही.

ए १०१: टाकी धुवा. दिवाळीपासनं सांगतोय.

सेक्रेटरी: टाकी धुतली आहे. फोटो वर टाकलेत, कृपया बघावे.

बी २०४ वहिनी: काकू आमच्याला पण काखेत झालंय. दोघं एकाच तालमीत जातात न्हवं.

सी ४०१: गूळ-चुना लावा, एका रात्रीत फुटतंय.

सी १०४ डॉक्टर मॅडम: चुना नको हो, कातडी भाजते. आणि दाबून फोडू नका, जंतू आत पसरतात. बहुतेक स्टॅफ म्हणजे स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असणार, दहातल्या तिघांच्या नाकात तो असतोच आणि काही करत नाही, पण कातडी खरचटली की आत शिरतो, कुस्तीत अंगाला अंग घासतं, टॉवेल एकमेकांचे वापरतात, तिथनं पसरतंय. गरम पाण्याच्या फडक्यानं दिवसातनं तीन-चारदा शेका. मोठं असेल तर चीर देऊन पू काढावा लागतो.

ए १०१: म्हणजे पाण्यातनंच की. टाकी.

डॉक्टर मॅडम: नाही, हातातनं आणि टॉवेलातनं.

बी ५०२: तालमीला नावं ठेवू नका. लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतोय आम्ही.

बी २०४ वहिनी: मातीला कोण काय म्हणालं दादा?

सी ४०१: उष्णता वाढलीया, पांढरा रस्सा बंद करा हाहा

बी ५०२: रश्श्यावर घसरू नका भावा

बी ३०२ काकू: चेष्टा नंतर करा ओ. मागच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात, त्या देऊ?

डॉक्टर मॅडम: अजिबात नको काकू. उरल्यात म्हणजे कोर्स अर्धवट सुटला. दुसऱ्यांदा आलंय तर पू लॅबमध्ये कल्चरला पाठवा, म्हणजे त्यातला जंतू वाढवून तपासतात, कुठलं औषध लागू पडतंय ते कळेल. ताप आला, लाली पसरायला लागली किंवा नाकाओठाजवळ झालं तर त्याच दिवशी दाखवा. घरात कुणाला शुगर असेल तर जास्त जपा.

ए ४०३ सर: शास्त्रज्ञ फ्लेमिंगना १९२८ साली पेनिसिलिन सापडलं ते हाच जंतू वाढवलेल्या बशीत. पुढं जंतू त्याला दाद देईनात, मग मेथिसिलिन हे दुसरं अँटिबायोटिक काढलं, तर १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे सापडले. म्हणून अर्धवट गोळ्या नकोतच.

ए १०१: आणि टाकीचं काय ठरलं?

सेक्रेटरी: मीटिंगला या, मग बोलू.

बी २०४ वहिनी: काकू सातला दवाखान्यात जाऊ, दोघांना एकदमच दाखवू.

डॉक्टर मॅडम: जखमा भरेपर्यंत कुस्ती बंद. गळू झाकून ठेवा, कपडे गरम पाण्यात धुवा.

बी ५०२: टॉवेल ज्याचा त्यानं आणायचा म्हणून वस्तादांशी मी बोलतो. पण ग्रुपवर तालमीचं नाव परत घ्यायचं नाही.