मदत हवी आहे: अस्वलासाठीचा आदि-स्लाव शब्द

नमस्कार मंडळी. इथे पोलिश किंवा युक्रेनियन नीट येणारं कोणी आहे का?

स्लाव भाषांमध्ये (रशियन, पोलिश, चेक, युक्रेनियन वगैरे) अस्वलाला जो शब्द आहे, त्याचं त्यांच्या समान पूर्वज भाषेतलं, म्हणजे आदि-स्लावमधलं, पुनर्रचित मूळ रूप *मेद्वेदि असं धरतात (तारा म्हणजे रूप लिखित सापडलेलं नाही, तुलनेने काढलेलं आहे). अर्थ ‘मध खाणारा’. पहिला भाग आपल्या ‘मधु’चा सख्खा भाऊ, दुसरा संस्कृत ‘अद्’ म्हणजे खाणे या धातूचा. मधला ‘व’ हा मधुमधल्या ‘उ’चाच, संस्कृतात मधु + अद चं ‘मध्वद’ होतं तसाच! ऋग्वेदात (१.१६४.२२) ‘मध्वद’ आलाय, पण तिथे तो पक्ष्यांसाठी आहे. अस्वलाचं जुनं नाव (संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस) स्लाव भाषांनी टाकून दिलं. श्वापदाचं खरं नाव घ्यायचं नाही, या भीतीपोटी असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता अडलंय ते इथे. रशियनमध्ये मेदवेद हे सरळच आहे. पोलिशमध्ये मात्र सुरुवातीच्या ‘म’चा ‘न’ झाला: न्येज्व्येच. चेकमध्येही ‘न’चं रूप आडनावात दिसतं, फुटबॉलपटू पावेल नेदवेद आठवा. युक्रेनियनमध्ये तर दोन्ही भागांची अदलाबदल होऊन वेदमीद झालं. हे नुसते ध्वनिबदल, की नाव आणखी झाकण्यासाठी मुद्दाम केलेली मोडतोड? आणि ‘मध्वद’शी असलेलं साम्य समान वारशातून आलंय, की दोन्हीकडे स्वतंत्रपणे समास घडला?

व्युत्पत्तिकोशातली संबंधित नोंद कोणी वाचून मराठीत सांगितली तर फार उपकार होतील. अंदाज असला तरी चालेल, फक्त तो अंदाज आहे असं लिहा.